आमची वाटचाल : एरर, मीटर आणि वही

धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे एक पिशवी होती आणि एक कागद. माणसं दोन, मी आणि धाकटा भाऊ. कागदावर निरनिराळ्या कंपन्यांच्या वॉशिंग मशीनचे एरर कोड मी हाताने उतरवून घेतले होते. डिस्प्लेवर दिसेल ते अक्षर कागदावर शोधायचं, समोर लिहिलेला पार्ट बदलायचा, पैसे घ्यायचे. इतकं सोपं काम लोक घरच्या घरी का करत नाहीत, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

कागद बरोबर होता. एलजीच्या मशीनवर ओई, सॅमसंगवर ५ई किंवा ५सी, बॉशवर ई१८, तिन्हींची तक्रार एकच: पाणी बाहेर जात नाही. आम्ही मात्र ते ‘ड्रेन पंप गेला’, म्हणजे पाणी बाहेर फेकणारा पंप बिघडला, असं वाचत होतो. पंप बदलायचो, जुना आणून त्याला थेट वीज द्यायचो, तर तो निमूट फिरायचा. अशा धडधाकट पंपांची भावाने फळीवर ओळच लावली होती, मला चिडवायला. खरी अडचण बऱ्याचदा खाली पुढच्या बाजूला असलेल्या फिल्टरमध्ये निघायची. नाणं, केसांची पिन, बाळाचा मोजा. फिल्टर स्वच्छ दिसला तरी आत बोट घालून पंपाचं पातं फिरवून बघायचं, हे कळायलाही आम्हाला बराच काळ लागला.

पुरती खोड मोडली ती एका उलट्या तक्रारीने. एका घरी मशीन जागेवरून हलवल्यापासून ‘पाणी येत नाही’ असा कोड यायचा. नळ उघडा, पाण्याला जोर चांगला. मी इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत सोडणारी झडप, बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलला. तरीही तेच. तिसऱ्या फेरीला त्या घरातल्या आजी मशीनसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “अरे, पाणी येतंय की. आवाज येतो ना मला. पण तो मागूनही येतोय.”

मशीन पुढे ओढलं. ड्रेनचा पाइप जमिनीलगतच्या मोरीच्या तोंडात खुपसलेला, आणि त्यातून बारीक धार चालू. पाइपचं तोंड टबातल्या पाण्याच्या पातळीच्या खाली आणि वाटेत कुठे उंचवटा नाही, मग पाणी आपोआप वाहून जाणारच. वरून व्हॉल्व्ह भरतोय, खालून पाइप रिकामं करतोय, आणि बोर्ड बिचारा ठरलेला वेळ मोजून कळवतोय की पाणी काही आलं नाही. पाइप उचलून मशीनच्या पाठीला उंच बांधला. जुने पार्ट परत लावले, दोन्हींचे पैसे परत केले. त्या आजी अजून फोन करतात, मिक्सर बिघडला की. मिक्सर आम्ही करत नाही. त्यांचा करतो.

त्यानंतर कागदाची वही झाली. कोड, मशीनची तक्रार आणि तिसरा रकाना ‘आधी काय बघायचं’. हा तिसरा रकाना म्हणजेच आमचा धंदा, असं मी नव्या मुलांना सांगतो.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजायचं यंत्र, पिशवीत पहिल्यापासून होता, पण वायर तुटली का एवढंच बघायला. आता नियम असा की मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही. २३० व्होल्टच्या ड्रेन पंपाची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, साधारण दीडशे ते दोनशे ओहम रोध दाखवते, इनलेट व्हॉल्व्हची चार हजारांच्या आसपास. मशीनचा प्लग काढून हे मोजायचं, आणि ते शक्यतो पार्टपाशी न मोजता बोर्डाच्या कनेक्टरपाशी मोजायचं. म्हणजे कॉइल आणि तिथपर्यंतची वायर दोन्ही एका फटक्यात तपासली जातात. कनेक्टरपाशी आकडा नाही, पण पार्टपाशी आहे, तर मधली वायर गेली. बहुतेक वेळा उंदराने. इन्व्हर्टर मशीनमध्ये, म्हणजे जिथे मोटरचा वेग बोर्ड कमीजास्त करतो तिथे, प्लग काढल्यावरही थोडा वेळ थांबावं लागतं, कारण बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले असतात. भावाला एकदा त्याचा प्रसाद मिळालाय. ती वहीतली एकमेव नोंद, जी त्याने स्वतःहून लाल शाईत लिहिली.

फोनवरची तक्रार हे वेगळंच प्रकरण. “दादा, एसई येतोय.” मशीन सॅमसंगचं असेल तर तो ५ई. तसल्या आकड्यांच्या डिस्प्लेवर ५ आणि एस सारखेच दिसतात. म्हणून आता आधी फोटो मागतो. फोटोत सीएल दिसला तर कित्येक मशीनवर तो बिघाडच नसतो, चाइल्ड लॉक लागलेला असतो. तिथे फोनवरच काम संपतं आणि भावाचा चेहरा पडतो. दार उघडत नाही म्हणूनही फोन येतात. काही मशीनच्या लॉकमध्ये तापणारा छोटा घटक असतो. तो थंड व्हायला मिनिट-दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात लोक हँडल ओढून तोडतात.

सगळ्यात जास्त भांडणं झाली ती तपासणीच्या पैशांवरून. “काहीच बदललं नाही, मग पैसे कसले?” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की त्याचा राग येणं बंद झालं. पूर्वी मीही पार्टच्या आडून मेहनतीचे पैसे घेत होतो, म्हणून तर गरज नसलेले पंप बदलले जात होते. तपासणीचा आकार वेगळा लावला आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला लागलो, तेव्हा पहिले काही महिने कामं कमी झाली. भाऊ रोज हिशेबाची वही माझ्यापुढे आपटायचा. कामं हळूहळू परत आली, पण तो अजून म्हणतो की आपण ते घाईनेच केलं. कदाचित त्याचं बरोबर असेल.

सध्या आम्ही चौघं आहोत. इन्व्हर्टर बोर्डाची दुरुस्ती आम्ही करत नाही, ओळखीच्या जाणकाराकडे पाठवतो. साधा बोर्ड असेल तर रिलेचा, म्हणजे बोर्डावरच्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा, सुटलेला सोल्डर पुन्हा भरण्यापर्यंत आमची मजल.

परवा आमच्याकडचा सगळ्यात नवा मुलगा एका घरून फोनवर म्हणाला, “काका, पाणी जात नाही असा कोड आहे. फिल्टर साफ केला, पाइप मोकळा आहे, पंप फिरतोय.”

“टबात पाणी आहे का?”

“नाही. कोरडा आहे.”

“मग मशीनला अजून पाणी दिसतंय ते कुठून?”

तिकडे जरा शांतता. टबाच्या तळाशी एक हवेची छोटी कोठडी असते, तिथून बारीक नळी वरच्या प्रेशर सेन्सरला जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून पातळी कळते. कोठडीचं तोंड साबणाच्या गाळाने बुजलं की हवा आत कोंडून राहते. टब रिकामा, पण सेन्सरच्या लेखी भरलेला.

“नळी काढून बघतो,” तो म्हणाला.

“सेन्सरच्या बाजूने काढ आधी. आणि फुंकर मारायची ती नळीत, सेन्सरमध्ये नाही.”

दहा मिनिटांनी फोटो आला. काळपट गाळाची एक गुठळी, शेजारी मापाला ठेवलेला टेस्टर. वहीत त्याने नोंद स्वतः केली, कोडाचं स्पेलिंग चुकवून.