एचिगो-युझावा: पाचशे येनांत पाच घोट

जपानला जाऊन बुलेट ट्रेन, मंदिरं आणि चेरीच्या फुलांवर लिहिणारे पुष्कळ झालेत, तेव्हा ते सगळं मला माफ करा. क्योतो पावसात गेलं, ओसाका गर्दीत. क्योतोतल्या फुशिमीच्या साके, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यांच्या गल्ल्या सुंदर आहेत, पण आम्ही तिथे पोचलो ते बंद व्हायच्या वेळेला.

राग आला तो टोकियोत. भाचा तिथे नोकरीला, तो मोठ्या हौसेने एका झकपक बारमध्ये साके चाखायला घेऊन गेला. तिथला तरुण प्रत्येक पेल्याबरोबर आकडे सांगत होता. तांदळाचा दाणा घासून घासून 60 टक्के किंवा त्याहून कमी उरला की गिंजो, 50 किंवा त्याखाली गेला की दाइगिंजो. वरून दारूचा अर्क अजिबात घातला नाही तर नावाच्या आधी जुनमाई लागतं. पुढचा पेला 35 टक्क्यांचा, त्याच्या पुढचा 23 टक्क्यांचा, आणि किंमत त्याच हिशोबाने वर. म्हणजे तांदूळ जितका फेकाल तितके पैसे जास्त! तेवीसवालीला केळ्याचा, सफरचंदाचा सुरेख वास होता, नाही म्हणणार नाही. पण तिसऱ्या घोटाला मला अत्तराच्या दुकानात कोंडल्यासारखं वाटायला लागलं. बिल बघून भाचा गप्प झाला, मग मीही काही बोललो नाही.

त्याचं उट्टं काढायला दुसऱ्या दिवशी आम्ही एचिगो-युझावाला गेलो. टोकियोहून शिंकान्सेनने सव्वा-दीड तास. एक लांब बोगदा संपतो आणि निइगाता प्रांत सुरू होतो. स्टेशनातच पोनशुकान नावाचं ठिकाण आहे. दाराशी टाय सैल केलेले, पिऊन लोळणारे साहेबलोकांचे पुतळे ठेवलेत, त्यामुळे आत काय आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा 500 येनांत पाच टोकन आणि एक छोटा पेला मिळाला. आत भिंतभर छोटी छोटी यंत्रं, निइगातातल्या शंभरावर साके. पेला खाली ठेवायचा, टोकन टाकायचं, बटण दाबायचं. भारीतल्या साकेला एकाहून जास्त टोकन लागतात. चाखायला तऱ्हेतऱ्हेचं मीठ आणि विकत घेतली तर काकडी आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट चटणी. माझ्यासारख्या शाकाहारी माणसाला जपानमध्ये इतकं निर्धास्त खायला क्वचित मिळालं.

चाखायचा पेला पांढरा असतो आणि तळाला दोन निळी गोल वर्तुळं. मला ती नक्षी वाटली होती. शेजारच्या यंत्रावर एक सत्तरीचे गृहस्थ होते, टोपी, हातात छोटी वही. ते पेला दिव्याखाली तिरका धरून तळाकडेच बघत बसले होते. भाच्याने विचारलं. पांढऱ्यावर साकेचा पिवळेपणा दिसतो आणि निळ्याची कड धूसर दिसली तर साके गढूळ. मग त्यांनी वास घेतला, घोट तोंडात ठेवून दातांमधून सुर्रकन हवा ओढली, छताकडे बघितलं आणि वहीत दोन अक्षरं लिहिली. आमच्याकडे जेवताना असा आवाज केला असता तर आजीने पाठीत धपाटा घातला असता.

आम्ही तीन टोकनं उडवली होती. एक कोरडी, पाण्यासारखी स्वच्छ, जी या प्रांताची ओळख आहे: बर्फाचं मऊ पाणी आणि 1957 साली नाव मिळालेला इथला गोह्याकुमानगोकु तांदूळ. एक दुधाळ निगोरी, गोडसर, माझ्या मते पोरांना फसवायला केलेली. आणि एक यामाहाई, जिच्यात लॅक्टिक आम्ल बाहेरून न घालता जिवाणूंकडून आपोआप तयार होऊ देतात. आंबूस, दणकट, दुसऱ्या घोटाला आवडायला लागणारी.

उरलेल्या दोन टोकनांचं काय करू, असं भाच्याने त्या काकांना विचारलं. त्यांनी यंत्रांकडे पाहिलंही नाही. उलट त्यांनीच काहीतरी विचारलं.

"मामा, रात्री जेवायला काय घेणार म्हणतायत."

"सांग त्यांना, मासे-मटण काही नाही."

काका चांगलेच विचारात पडले. मग कोपऱ्यातल्या एका साध्या होंजोझोपाशी, म्हणजे थोडा दारूचा अर्क घातलेल्या साकेपाशी, घेऊन गेले. ही गरम करून, म्हणाले, आणि सोबत तोचिओचं आबुराआगे.

टोकियोत तासभर आकडे ऐकले, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. जपानात 1911 पासून नव्या साकेची राष्ट्रीय परीक्षा होते. तिथे परीक्षक घोट घेऊन थुंकतात, शेकडो पेले एकापाठोपाठ. अशा ठिकाणी सुगंधीच पुढे जाणार, त्यात त्यांचा दोष नाही. पण मी थुंकत नाही, मी जेवतो. चाळीस मिनिटं पानावर बसून जिची सोबत आवडते ती माझ्या लेखी चांगली साके, दाण्याचे किती टक्के उरले ते कारखान्याने बघावं.

रात्री स्टेशनजवळच्या एका लहानशा खानावळीत बसलो. तोचिओचं आबुराआगे म्हणजे वीटभर जाडीचा तळलेला तोफू, भाजून, वर पातीचा कांदा. त्यावर माशाचे पापुद्रे भुरभुरतात, ते भाच्याने आधीच नको म्हणून सांगितलं. मालकीणबाईंनी तोक्कुरी, म्हणजे साकेची छोटी सुरई, गरम पाण्यात धरली आणि तळाला बोट लावून अंदाज घेत राहिल्या. चाळीसच्या आसपास अंश, म्हणजे कोमट; याला नुरुकान म्हणतात. थंड असताना मुकी वाटलेली ती होंजोझो गरम झाल्यावर तांदळाची लागायला लागली, आणि तळणाचा तेलकटपणा प्रत्येक घोटाने धुऊन निघत होता. आम्ही आणखी एक तोक्कुरी मागवली. मग आणखी एक.

परतताना 720 मिलीच्या दोन बाटल्या आणल्या, कस्टमच्या दोन लिटरांत आरामात बसतात. नामा, म्हणजे पाश्चराइज न केलेली साके, आणायची होती, पण ती फ्रिजबाहेर टिकत नाही. पुण्यात भाऊजींना म्हटलं, जेवणाबरोबर कोमट करून घेऊ. त्यांनी सोडा ओतला, लिंबू पिळलं, बर्फ टाकला आणि म्हणाले, "ठीक आहे, पण चढत नाही रे."