१७९५ हाफ डॉलर अपडेट : चरे टांकसाळीचे की कुणा उपद्व्यापी माणसाचे?

मंडळी, माझ्या फ्लोइंग हेअरचं (मोकळ्या केसांच्या लिबर्टीचं चित्र असलेला अमेरिकेचा जुना चांदीचा अर्धा डॉलर) घोडं एकदाचं पुढे सरकलं, पण अर्धंच. विकणाऱ्याने बिनधास्त 'ॲडजस्टमेंट मार्क्स' (वजन जुळवताना टांकसाळीतच पडलेले चरे) लिहून नाणं माझ्या गळ्यात मारलं आणि तेव्हापासून त्या चऱ्यांनी डोकं खाल्लंय. चकती जड निघाली की फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत कानशीने घासून २०८ ग्रेनवर आणायचे आणि मग ठसा मारायचे, ते चरे असतील तर कुणाची हरकत नाही, पण ठशानंतरचे ओरखडे असतील तर ग्रेडिंगवाल्यांकडून सरळ डीटेल्स ग्रेड, म्हणजे नाणं खरं पण बिघडलेलं असा शेरा.

युएसबी मायक्रोस्कोप म्हणजे नुसतं खेळणं, पैसे वाया घालवू नका. काम झालं ते १०एक्स लूप (दसपट मोठं दाखवणारं भिंग) आणि साध्या एलईडी टॉर्चने, खोलीत अंधार करून उजेड अगदी आडवा पाडायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं. रिव्हर्सला (मागच्या बाजूला) कडेच्या दातांवरून जाणाऱ्या समांतर रेघा दिसल्या, कडा गोलसर, आणि STATES च्या अक्षरांशी आल्या की बुजलेल्या, म्हणजे अक्षरं नंतर उमटलीत. हे चरे शंभर टक्के टांकसाळीचे! पण ऑब्व्हर्सला (चेहऱ्याच्या बाजूला) कानावरचे केस झिजून सपाट झालेत आणि तिथे तीन रेघा अजून धारदार आहेत. आता ठशात सगळ्यात उंच भाग तो, धातू तिथे नीट पोचत नाही म्हणून कानशीचे चरे टिकतात हे खरं, पण झीज पण पहिली तिथेच होते ना, मग केस गेले आणि चरे राहिले असं कसं? म्हणजे त्या तीन रेघा झिजेनंतरच्या. एकाच नाण्यावर दोन्ही प्रकार, घ्या!

वजन १२.९१ ग्रॅम भरलं, मूळ १३.४८ (म्हणजे तेच २०८ ग्रेन), एवढ्या झिजेला ठीकच. कडेवरचं FIFTY CENTS OR HALF A DOLLAR जवळजवळ पूर्ण वाचता येतंय, त्या संध्याकाळी मी फार खूश होतो. रिव्हर्सच्या गरुडाच्या पंखांखाली दोनच पानं, आणि माळेवरची फळं मोजून ओव्हरटनचे (नाणं कुठल्या ठशांच्या जोडीने पाडलं ते सांगणारे) दोनच नंबर उरलेत, पहिला तारा केसांच्या बटेला किती टेकतो त्यावर निकाल लागेल.

१७९५ चे २,९९,६८० पाडले म्हणून आपल्यासारख्यांना मिळतो तरी, १७९४ चे २३,४६४ च, आणि १७९६-९७ चे दोन्ही वर्षांचे मिळून ३,९१८, त्यांची स्वप्नंच बघायची.

ग्रेडिंगला पाठवायचं ठरलं होतं, आता थांबवलंय. फी भरून 'स्क्रॅच्ड' लिहून आणायचं कशाला? किंवा... लिहिता लिहिता सुचलं, त्या तीन रेघांच्या तळाशी आजूबाजूसारखंच काळं टोनिंग (चांदीवर वर्षानुवर्षं चढणारा रंग) असेल तर ओरखडे खूप जुने असणार, मग कदाचित ग्रेडर नरमतील. पण ते टोनिंग आहे की नुसता मळ? आधी ॲसिटोनमध्ये बुडवतो, शुद्धवालं, नेलपॉलिश रिमूव्हर नाही हां, आणि घासायचं अजिबात नाही. टोनिंग तरीही राहिलं तर पाठवतो. ताऱ्याचा क्लोजअप रविवारी टाकतो, ओव्हरटनवाल्यांनी कृपया नजर टाका.