तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रहणाचे फोटो एकावर एक का बसत नाहीत?

२ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास ग्रहणासाठी नागपूरहून इजिप्तमधल्या लक्झरला जायचं ठरवणारे हटकून विचारतात: करोनाचे, म्हणजे सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचे, वेगवेगळ्या एक्स्पोजरचे दहा-बारा फोटो फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवले, ऑटो-अलाइन केलं, तरी चित्र पुसट का येतं?

कारण फोटोशॉप चंद्राची कड धरतं, आणि करोना सूर्याचा आहे. अख्ख्या फ्रेममध्ये त्या काळ्या कडेइतकी ठळक रेघ दुसरी नसते. पण खग्रास चालू असताना चंद्र सूर्यावरून सरकत असतो, लक्झरला सेकंदाला साधारण ०.४ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ५०० मिमीची लेन्स आणि ४.३ मायक्रॉनचा पिक्सेल असेल, तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे १.८ आर्कसेकंद. १/१००० ते २ सेकंदांची मालिका १२ सेकंदांत उरकली तरी चंद्र अडीच पिक्सेल पुढे गेलेला असतो, सहा मिनिटांत सुमारे ऐंशी. चंद्र जुळवला की करोना तेवढाच फिसकटतो.

म्हणून जुळवायचं ते सूर्यावर. कमी एक्स्पोजरमध्ये कडेबाहेर डोकावणाऱ्या गुलाबी ज्वाळा दिसतात. त्यांचा बुडखा चंद्र झाकत-उघडत असतो, तेव्हा शेंडा धरा. मधल्या फ्रेममध्ये करोनाचे बारीक धागे, जास्त एक्स्पोजरमध्ये तारे. पहिली आणि शेवटची फ्रेम थेट जुळत नाही. १/१००० वर १/५००, तिच्यावर १/२५०, अशी साखळी करावी लागते.

सगळ्या रॉ फाइल्सना एकच व्हाइट बॅलन्स, शार्पनिंग शून्य, १६ बिट टिफ. वरच्या लेयरचा उजेड खालच्याइतका उतरवा, मग तो इन्व्हर्ट करून ओपॅसिटी ५० टक्के ठेवा. झूम २०० टक्के, हातात मूव्ह टूल आणि बाणाच्या कळा. जुळलं की करोना सपाट राखाडी होतो. एक पिक्सेल हुकला तरी प्रत्येक धाग्याला नाण्यावरच्या अक्षरासारखा उठाव येतो. पिक्सेलच्या आतला फरक फ्री ट्रान्सफॉर्मच्या एक्स-वाय चौकटीत दशांश टाकून काढा. चंद्राच्या कडेचा उठाव मात्र राहू द्या. वेळेने लांबच्या दोन फ्रेममध्ये ती कडच सपाट झाली, तर जुळणी चुकली समजा.

मधे जुळतं पण कोपऱ्यातले तारे जुळत नाहीत, तर फ्रेम फिरली आहे: आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे नीट लावलेला नव्हता. किंचित रोटेट करून ते निभावतं. साध्या ट्रायपॉडवरच्या १ सेकंदाच्या फोटोत पडलेली आठ पिक्सेलची रेघ मात्र कशानेच निघत नाही.

हे डोळ्याने करायचं काम चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोचे गणितज्ञ मिलोस्लाव्ह ड्रुकम्युलर फेज कोरिलेशनने, म्हणजे दोन चित्रांतलं सरकणं गणिताने मोजून, करतात. त्यांच्या चित्रांतले धागे इतके स्वच्छ दिसतात ते आधी जुळणीमुळे, मग प्रोसेसिंगमुळे.

एकत्र करताना एचडीआर मर्ज (वेगवेगळी एक्स्पोजर आपोआप एकत्र करणारी सोय) आम्ही टाळतो, ते पुन्हा आपल्या मनाने जुळवायला जातं. एकाच एक्स्पोजरच्या फ्रेम स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये घेऊन स्टॅक मोड मीन (सरासरी) करा. १६ फ्रेमनी नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो. मग प्रत्येक एक्स्पोजरचा जळालेला आतला भाग मऊ कडेच्या गोल मास्कने झाका.

सराव नागपुरातच करा. पौर्णिमेचा चंद्र, तोही रात्री उशिरा; उन्हाळ्यात तापलेल्या स्लॅबवरून संध्याकाळी कड थरथरत राहते. २५ ऑक्टोबर २०२२ च्या खंडग्रासाच्या फ्रेम असतील तर त्या सरावाला घेऊ नका. तेव्हा सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला, आणि क्षितिजाजवळ वातावरणामुळे बिंब चपटं होतं, त्यावर गोल बसत नाही.

चंद्र सगळ्यात शेवटी. खग्रासाच्या मध्यावरच्या २ सेकंदांच्या फ्रेम वेगळ्या काढा, या वेळी मात्र चंद्राच्याच कडेवर जुळवा, मीन करा. पृथ्वीच्या उजेडात चंद्रावरचे काळे डाग उमटू लागतील. ती चकती मास्क करून करोनाच्या मधोमध ठेवा, आणि मास्कची कड दोन पिक्सेलच मऊ करा. जास्त केलीत तर ज्वाळा खाल्ल्या जातात.