संजीवनी माची: निळी सावली वेगळी, जांभळी वेगळी

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून टिपलेल्या संजीवनी माचीच्या फ्रेमचा गुंता अखेर सुटला. मागच्या वेळी गाडं अडलं होतं ते इथे: उत्तर अंगाच्या कड्यातल्या सावल्या उचलल्या (उजळ केल्या) की काळा कातळ जांभळट पडतो, आणि तो सुधारायला सगळ्या फ्रेमचा व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची भरपाई) उबदार केला की उन्हातलं पिवळं गवत थेट भगवं होतं. सावलीत दोन रंगदोष मिसळले होते आणि दोन्हींवर एकच औषध चाललं होतं.

पहिला दोष आकाशाचा. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेकडच्या कड्याला थेट ऊन जवळजवळ लागत नाही. तिथे पोचतो तो निळ्या आकाशाचा प्रकाश, साधारण ८,००० ते १०,००० केल्विनचा (आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळा). त्याच वेळी माचीच्या माथ्यावरचं कोवळं ऊन ४,००० च्या आसपास असतं. एवढी तफावत एका स्लायडरमध्ये मावणार कशी?

दुसरा दोष कमी एक्स्पोजरचा. व्हाइट बॅलन्स लावताना लाल आणि निळा चॅनल हिरव्यापेक्षा जास्त गुणला जातो, म्हणून गडद भागातलं त्यांचं नॉइजही (दाणेदार गोंधळ) जास्त वाढतं. ब्लॅक लेव्हलच्या (कॅमेरा ज्याला काळा मानतो त्या पातळीच्या) खाली गेलेलं नॉइज शून्यावर कापलं गेलं की उरलेल्याची सरासरी वर सरकते. लाल-निळा वाढला, हिरवा मागे राहिला, म्हणजे जांभळं.

दोन्ही ओळखायची खूण सोपी आहे. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कातळावर कर्सर ठेवून आकडे वाचा. लाल ९, हिरवा १०.५, निळा १४ असं काही दिसलं, म्हणजे लाल सगळ्यात कमी असेल, तर ते आकाश. लाल ९.५, हिरवा ८, निळा ११, म्हणजे हिरवाच तळाला असेल, तर एक्स्पोजर कमी पडलंय. कड्याच्या पायथ्याशी मात्र ही खूण वापरू नका. तिथे गवतावरून परतलेला हिरवट उजेड मिसळतो आणि आकडे फसवतात.

जांभळ्यावर खरा उपाय गडावरच करायचा. टिंट (हिरवा-जांभळा स्लायडर) हिरव्याकडे ढकलून तात्पुरतं भागतं, पण मग शेवाळ आणि कातळ एकाच रंगाचे दिसू लागतात. आयएसओ १००, एफ/८, ट्रायपॉड, आणि २ स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) अंतराने ३ फ्रेम, म्हणजे एकीत तरी सावलीला पुरेसा उजेड मिळतो. एक्स्पोजर ठरवताना आरजीबी हिस्टोग्रामच (लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आलेख) पाहा. पावसाळ्यानंतरच्या पिवळ्या गवतात लाल चॅनल आधी फाटतो (कमाल मर्यादेवर जाऊन तपशील गमावतो), आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये ते बऱ्याचदा दिसतच नाही. पिक्चर स्टाइल फ्लॅट ठेवली की हिस्टोग्राम रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीच्या) जास्त जवळ जातो.

निळ्यासाठी लाइटरूममधला ल्युमिनन्स रेंज मास्क (ठरावीक उजळपणाचेच भाग निवडणारा): ५ ते ३० आणि ४५ पर्यंत विरत जाणारी कड. आत टेम्प +१४, सॅच्युरेशन -८. कातळ लगेच कातळासारखा दिसला, माचीच्या दुहेरी तटबंदीमधली खाच पहिल्यांदा नीट उघडली! ती खाच दिसली म्हणजे अर्धी फ्रेम जिंकली.

पण मास्कने मागचा तोरणा किल्लाही पकडला. तिथला निळेपणा हवेतल्या विखुरलेल्या प्रकाशाचा आहे, तो राहायलाच हवा. तो गेला की तोरणा माचीला येऊन चिकटतो. ब्रश वजा करून, फेदर १००, फ्लो २० ने तो भाग सोडवला. तरी तटाच्या कडेला फिकट रेघ उरलीच.

ती रेघ डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरने घालवली. व्हाइट बॅलन्स मॉड्यूल कॅमेरा रेफरन्सवर, आणि कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलची दोन इन्स्टन्स (प्रती): एक उन्हासाठी, दुसरं तोच मास्क उलटा करून सावलीसाठी. मास्कची फेदरिंग रेडियस वाढवली की कड चित्रातल्या कडेला धरून चालते. शिकायला वेळ लागतो, पण या कामात ते लाइटरूमच्या बरंच पुढे आहे, आणि फुकट आहे.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. निळेपणा नजरेने कशाला अजमावायचा? पुढच्या खेपेला ग्रे कार्डच्या (रंगछटा नसलेल्या राखाडी पुठ्ठ्याच्या) दोन फ्रेम घ्यायच्या: एक उन्हात, एक उत्तरेकडे तोंड करून सावलीत. कलर कॅलिब्रेशनच्या पिकरने दोन्हींचं तापमान वाचलं की खरा फरक हातात येतो. सावली पूर्ण न्यूट्रल केली तर मेलेली दिसते, म्हणून फरकाचा अर्धाच भाग काढायचा. त्यामुळे हरिश्चंद्रगडाचा बेत पुढे ढकलतोय. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळभर सावलीत असतो, तिथे जाण्याआधी कार्डाची पद्धत सिंहगडाच्या उत्तर कड्यावर तपासणं शहाणपणाचं.

पोलरायझर (परावर्तित चमक कापणारा फिल्टर) या फ्रेममध्ये नाहीच. २४ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर त्याने आकाशात काळपट पट्टा पडतो. पावसाळ्यात ओल्या कातळावरची चमक मारायला मात्र त्याला तोड नाही.

प्रिंटचं अजून बाकी आहे. मॅट कागदाचा काळा मुळातच फिका, त्यामुळे सावलीतले बारकावे एकमेकांत मिसळतात; या फ्रेमला लस्टर (हलक्या चमकेचा) कागदच घ्या. मॉनिटरची ब्राइटनेस १०० कॅन्डेलावर आणा, लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवायला बजावून सांगा. आधी कड्याचा तोच तुकडा शॅडोज +२०, +३०, +४०, +५० वर एकाच ८ × १२ मध्ये छापून घ्यायचा आणि मगच मोठी प्रिंट काढायची.