तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्याचं बंदर गेलं कुठे?

‘तुम्ही चेंदणी कोळीवाड्यातल्या ना? मग ठाण्याला पूर्वी बंदर होतं म्हणतात, ते गेलं कुठे? आणि तुम्ही रोज न्हावा-शेव्यापर्यंत कशाला जाता?’

ऑफिसात नवी मुलं आली की विचारतात. सोसायटीतल्या बायका विचारतात. परवा गाडीत शेजारी बसलेल्या एका काकूंनीही विचारलं. दर वेळी मी ‘गाळ भरला खाडीत’ एवढं सांगून मोकळी होते. ते खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि अपुरं सांगितल्याची टोचणी दिवसभर राहते. तुम्ही इतक्या आपुलकीने विचारलंत, म्हणून आज सवडीने लिहिते.

बावीस वर्षं मी कस्टम्स क्लिअरिंगच्या, म्हणजे जहाजाच्या मालाचे जकातीचे कागद पार पाडायच्या, कामात आहे. शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री, कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, यातच दिवस जातो. सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने नेरुळ, तिथून न्हावा-शेव्याच्या कंटेनर बंदरासाठी उरणची गाडी. ही गाडी जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत गेली, त्याआधी बस आणि शेअर रिक्षा. ऐरोली, रबाळे, घणसोली करत गाडी निघते तेव्हा पश्चिमेला काही अंतरावर खाडी असते, आणि मला रोज वाटतं की हिच्याच काठाकाठाने बंदर जसं खाली सरकत गेलं, तशीच मी जाते आहे.

आमचे बाबा खाडीत होडी घालायचे. फग टाकून चिंबोऱ्या धरायच्या, जाळं लावायचं. सात-आठ वर्षांची असताना त्यांच्याबरोबर गेले होते ते अजून डोळ्यांसमोर आहे. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. बाबांनी वल्हं सरळ खाली रोवलं. पाणी वल्ह्याच्या अर्ध्यालाही पोचलं नाही, त्याखाली वल्हं चिखलात गपकन शिरलं आणि उपसताना ‘फच्च’ असा आवाज झाला. वल्ह्यावर ओल्या चिखलाची काळी रेघ उमटली. बाबांनी ती बोटाने पुसली आणि म्हणाले, “माझा आजा सांगायचा, इथं गलबतं लागायची.” काठावर तिवरांच्या मुळांत निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत होत्या. गलबत म्हणजे केवढं हे मला ठाऊक नव्हतं, पण इथे ते मावणार नाही एवढं कळलं होतं.

तर गाळाचं खरं आहे. उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेला फुटते. तिचा मोठा प्रवाह घोडबंदरावरून वसईच्या खाडीला जातो, आपल्याकडे येणारा हात लहान. पाण्याला जोर कमी, म्हणून चिखल बसतो. पण हा चिखल काही एका रात्रीत आला नाही. शेकडो वर्षं तो बसतच होता आणि तरीही बंदर चालत होतं. मग कारण आणखी कुठे तरी शोधायला हवं.

आपण राहतो ते साष्टी बेट. खाड्यांनी वेढलेलं, आणि समोरच्या मुख्य भूमीवरून घाट उतरून येणाऱ्या मालावर जगलेलं. या बेटाच्या आसपास कायम एक तरी मोठं बंदर होतं, फक्त त्याची जागा बदलत राहिली. उत्तरेला सोपारा इतकं जुनं की तिथे अशोकाच्या आदेशलेखाचा तुकडा सापडला. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तो उजेडात आणला. आज नालासोपाऱ्याला गाडीतून उतरणाऱ्या गर्दीत कोणाला हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. सोपाऱ्यानंतर कल्याण. आणि कल्याणची हकीकत मला सगळ्यात जास्त शिकवून गेली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात तो म्हणतो की कल्याण पूर्वी राजमान्य पेठ होती, पण सत्ता बदलली आणि बंदराची अडवणूक सुरू झाली. एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे आलंच, तर पहारा बसवून त्याला भडोचला नेत. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणातली ही गोष्ट. कल्याणच्या पाण्यात तेव्हा काही कमी नव्हतं, वखारी होत्या, व्यापारी होते. फक्त दुसऱ्या राजाला माल आपल्या बंदरात उतरायला हवा होता. कामाच्या टेबलावर बसून हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं थांबले. जहाज कुठल्या बंदराला लावायचं हा निर्णय आजही पाण्याइतकाच सरकारी धोरणावर, करावर आणि रस्त्यावर ठरतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो खलाशी माझ्याच कामाबद्दल लिहीत होता.

त्यानंतर ठाण्याचा काळ आला. सातव्या शतकात, ६३६-३७ च्या सुमारास, अरबांच्या आरमाराने ठाण्यावर स्वारी केली होती. ज्या गावात काही नाही तिथे कोणी समुद्र ओलांडून येत नाही. पुढे शिलाहारांनी इथे राजधानी केली, त्यांच्या ताम्रपटांत हे श्रीस्थानक आहे. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं, त्यांच्याच राजवटीतलं. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरल्या आहेत. जमलं तर मुलांना घेऊन बघून या.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिलं. उत्तम कातडी आणि सुती कापड इथून जायचं, सोनं, चांदी, तांबं इथे यायचं, जहाजांची वर्दळ मोठी. इथवर वाचताना ऊर भरून येतो. पण पुढे तो म्हणतो की समुद्रावर चाचे होते, आणि राजाने त्यांच्याशी करारच केला होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकी सगळं त्यांचं. राजाकडे घोडे नव्हते, ते समुद्रावरून येत, म्हणून हा सौदा. मला हे वाचून मनापासून वाईट वाटलं. माल घेऊन निघालेल्या माणसाला पहिली काळजी असते ती हीच, की माल सुखरूप पोचेल ना. आज आम्ही सीलचा नंबर दहादा तपासतो, कारण सील तुटलं की विश्वास तुटतो. ज्या बंदराचा राजाच लुटीत वाटेकरी, तिथे व्यापारी दुसरा पर्याय मिळेपर्यंतच टिकणार. ठाण्याच्या उतरणीची पहिली पायरी मी चिखलात धरत नाही, इथे धरते.

पोर्तुगीज आले आणि पर्याय उभे राहिले. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई आणि हा सगळा मुलूख त्यांना दिला, त्यांनी कारभार वसईला थाटला. ठाण्यात विणकर राहिले, रेशमाचं काम राहिलं, पण मान वसईकडे गेला. दोनशे वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. ठाण्याचा किल्ला त्याआधी १७३७ मध्येच मराठ्यांकडे आला होता. तोच आजचं मध्यवर्ती कारागृह, त्याच्या भिंतीजवळून आम्ही शाळेत जायचो. १७७४ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. वसईच्या किल्ल्यात आता झाडं उगवली आहेत आणि लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी जातात.

मुंबई तोवर मोठी होत होती. १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला ती वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली, १६८७ मध्ये कारभार सुरतेहून तिथे हलला. सुरतेचे कसबी लोकही मागोमाग आले. लवजी वाडिया १७३६ मध्ये आले आणि १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी तयार झाली. याच वाडियांच्या गोदीत १८१७ मध्ये सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे. मुंबईकडे खोल पाणी होतं, वाऱ्यापासून आडोसा होता. पण घाटावरचा माल तिच्यापर्यंत पोचायला पनवेल, कल्याण, भिवंडी, ठाणे हीच दारं होती. बैल घाट उतरणार, माल मचव्यात, म्हणजे शिडाच्या होडीत, चढणार, भरती बघून मचवा सुटणार. तोवर ठाण्याच्या धक्क्यालाही काम होतं.

मग १६ एप्रिल १८५३ आला. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, देशातली पहिली प्रवासी गाडी. आपण ठाणेकर हा दिवस अभिमानाने सांगतो आणि सांगावाच. पण कोळीवाड्याच्या बाजूने बघितलं की त्याचा दुसरा अर्थ दिसतो. आमचा वाडा स्टेशनाला लागूनच आहे. माल वाहणारी गाडी मचव्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती खाडीवरचा पूल ओलांडून कल्याणला गेली. १८६३ मध्ये बोर घाट आणि १८६५ मध्ये थळ घाट पार झाला. आता देशावरचा कापूस डब्यात भरला की थेट मुंबईच्या धक्क्याला. पुलाखालच्या मचव्यांना भरतीची वाट बघायचं कारणच उरलं नाही. बाबांच्या आजाने ऐकलेली गलबतं मला वाटतं याच दहा-पंधरा वर्षांत विरळ झाली.

मुंबईला सगळंच एका वेळी मिळालं. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ मध्ये इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला, वाफेच्या बोटी आल्या. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक. पुढची शंभर वर्षं बंदर म्हटलं की मुंबई. आणि मग तिलाही कंटेनरने गाठलं. कंटेनरला पाण्याइतकीच मोकळी जमीन लागते. उतरवून ठेवायला मैदानासारखं यार्ड, ट्रेलर वळायला जागा, बाहेर पडायला रस्ता. मुंबईच्या गोद्यांभोवती शहर इतकं घट्ट बसलं होतं की ट्रक वाट काढता काढता दमायचा. २६ मे १९८९ रोजी समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या आता बुजवून जमीन केली आहे. दोन हजारांहून जास्त वर्षं बेटाभोवती फिरलेलं मोठं बंदर खाडी ओलांडून मुख्य भूमीवर गेलं.

तिथेही ते कायमचं बसेल असं नाही. मोठ्या कंटेनर जहाजाला चौदा-पंधरा मीटर पाणी लागतं, त्यासाठी न्हावा-शेव्याला वाट सतत उपसत राहावी लागते. कंटेनरच्या आकड्यात गुजरातचं मुंद्रा पुढे गेलंच आहे. डहाणूजवळ वाढवणला नव्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, ७६ हजार कोटींवरचं काम, तिथे वीस मीटरच्या आसपास खोली निसर्गतःच आहे असं सांगतात. नकाशावर बघा, सोपाऱ्याच्याही उत्तरेला. तिथले मच्छीमार विरोधात उभे आहेत, आणि मी कंटेनरच्या पगारावर घर चालवते तरी त्यांची धास्ती मला पोटातून कळते. शेवा हे आधी कोळ्यांच्या गावाचं नाव होतं. आज ते जगभरच्या बिलांवर छापलं जातं, आणि गाव मात्र मूळ जागेवर नाही.

ठाण्याची खाडी आता फ्लेमिंगोंची आहे, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे. ज्या चिखलाने गलबतं अडवली त्यातच त्यांचं खाणं आहे. हिवाळ्यात बघायला जा, भरती-ओहोटीची वेळ बघून जा.

आणि ‘गेलं कुठे’ याचं उत्तर तुम्ही रोज पाहता. घोडबंदर रोडवर ट्रेलरांच्या रांगेत अडकलात की तुम्ही वैतागून मला फोन करता. त्यातले बरेच न्हावा-शेव्याहून गुजरातकडे निघालेले असतात. गेल्या आठवड्यात मी स्वतः गायमुखच्या चढावर पाऊण तास अडकले होते. पुढच्या ट्रेलरच्या दारावर सील होतं, माझ्या सवयीने मी नंबर वाचला. चार अक्षरं, सात आकडे कंटेनरचे, खाली सीलचे. सकाळी माझ्याच टेबलावरून गेलेला डबा होता तो. उजव्या हाताला खाली उल्हासचं पाणी भरतीने काठोकाठ भरलं होतं, आणि त्यावर एकही होडी नव्हती.