एलसीडीला सहा वायरी कशाला?

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या टाकीची लेव्हल दाखवायला १६ बाय २ एलसीडी (१६ अक्षरांच्या दोन ओळींचा डिस्प्ले) लावतोय, तर शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणे काका पॅरललच लावू (म्हणजे एकाच वेळी अनेक वायरींवरून डेटा), फास्ट असतं. अरे पण ४-बिट मोडमध्येसुद्धा (४ डेटाच्या, २ कंट्रोलच्या) ६ पिना जातात आणि आपल्या आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाला डिजिटल पिना १४च, मग सेन्सर, रिले, बझर कुठे लावणार? एलसीडीच्या पाठीला पीसीएफ८५७४ या चिपचं छोटं बोर्ड बसवलं की आयटूसी, म्हणजे एकामागे एक बिट पाठवायची पद्धत, त्यात एसडीए (डेटा) आणि एससीएल (क्लॉक) दोनच वायरी, आणि सेकंदाला १०० किलोबिट स्पीड दोन ओळींना भरपूर झाला. त्या बोर्डाचा आयटूसी अॅड्रेस (कोडमध्ये द्यायचा त्याचा नंबर) तेवढा बघा, बहुतेक ०एक्स२७ असतो. कलर टीएफटी (चित्रं दाखवणारा रंगीत स्क्रीन) असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ३२० बाय २४० पिक्सेलची, पिक्सेलला १६ बिट अशी एक फ्रेम म्हणजे १,५३,६०० बाइट, तिथे मला ८-बिट पॅरललच आवडतं, एका झटक्यात अख्खा बाइट जातो. फक्त वायरी आखूड ठेवा.