दुपारी बाराला हेडलाईट

मी अमेरिकेत माजी सैनिकांच्या एका हॉस्पिटलात फुफ्फुसांच्या टेस्ट करते. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) शुक्रवारचा शेवटचा पेशंट, पन्नाशी उलटलेला, आयुष्यात सिगरेट नाही, तरी एक मजला चढला की धाप. फाईलमध्ये कित्येक वर्षं एकच, वजन कमी करा.

जोरात फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, जवळजवळ नॉर्मल आली. मग डीएलसीओ केली, यात खोल श्वास घेऊन दहा सेकंद धरायचा असतो, हवेतला वायू रक्तात किती उतरतो ते त्यावरून कळतं. अपेक्षेच्या फक्त ६१ टक्के! मला वाटलं मशीनच बिघडलं. परत करायची तर मध्ये किमान चार मिनिटं थांबावं लागतं, आणि त्या चार मिनिटांत मी सहज विचारलं, सर तुम्ही कुठे होता ड्यूटीवर?

कुवेत, १९९१, इंधनाचा ट्रक चालवायचो.

इराकी सैन्याने माघार घेताना सहाशेच्या वर तेलविहिरी पेटवल्या होत्या, शेवटची विझवायला ६ नोव्हेंबर उजाडला. तो म्हणाला दुपारी बाराला हेडलाईट लावून चालवायचो मॅम, वरून तेलाचे बारीक थेंब पडायचे, काच पुसली की फडकं काळं, नाक शिंकरलं तरी काळंच. बोलताना उजवा हात काच पुसल्यासारखा हलत होता, त्याला कळतही नव्हतं.

आता खरं सांगायचं तर या धुराबद्दलचे अभ्यास एकसारखं बोलत नाहीत. आम्ही धुरात होतो असं आठवून सांगणाऱ्यांत दम्याशी संबंध दिसतो, पण हवेच्या मॉडेलवरून धुराचा हिशोब लावला की काही अभ्यासांत तो दिसत नाही. त्यामुळे याच धुराने झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांत एकानेही विचारू नये याचा मला भयंकर राग आला, अजून येतो. माजी सैनिकांसाठीच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्यात २ ऑगस्ट १९९० नंतर तिकडे ड्यूटी केलेल्यांना नंतर झालेला दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार), फायब्रोसिस (फुफ्फुसं कडक होणं) असे बरेच आजार सेवेमुळेच झाले असं धरलं जातं, संबंध सिद्ध करत बसावं लागत नाही. याला त्याचा पत्ताच नव्हता, त्याला वाटायचं ते फक्त बर्न पिटवाल्यांसाठी आहे, म्हणजे कचरा जाळायच्या खड्ड्यांजवळ जे होते त्यांच्यासाठी.

दुसऱ्यांदाही आकडा तसाच, ६० टक्के, म्हणजे मशीन ठीक होतं. रिपोर्टच्या कॉमेंटमध्ये मी कुवेत, १९९१, तेलाचा धूर, किती महिने, सगळं लिहिलं आणि डॉक्टरना फोन लावला, त्यांनी सीटी स्कॅन लगेच मागवला. विषारी धुराच्या रजिस्ट्रीचा, म्हणजे अशा धुरात राहिलेल्या सैनिकांच्या नोंदवहीचा, कागदही मी पेशंटला काढून दिला.

त्याने कागद दोनदा वाचला, खिशातून फोन काढला, म्हणाला ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसायचा तो, त्यालाही दम लागतो, बायको सांगत होती. आणि तिथेच, नाकाची क्लिप हातात धरून, त्याने त्याला फोन लावला.